खंदकाच्या तळाशी: नवाश्मयुगीन बांध आणि दफनाची टेकाडे यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात दक्षिण इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या एव्हबरी आणि स्टोनहेंज या परिसरांची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला होता. तेथील नवाश्मयुगीन (शेती आलेल्या, पण धातू न आलेल्या काळातील) समाजाचा इतिहास उभ्या शिळांपेक्षा मातीच्या कामांतून, म्हणजे खंदक, बांध आणि दफनाची टेकाडे यांतून, अधिक स्पष्टपणे वाचता येतो, असे विधान त्या लेखात केले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी अनेकांनी याच विधानाचा खुलासा मागितला आहे, काहींनी आपल्याकडील स्थळांशी तुलना केली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

स्टोनहेंज म्हटले की डोळ्यांसमोर उभ्या शिळाच येतात. मातीची कामे म्हणजे नेमके काय? आणि खंदक-बांध दिसला की तो संरक्षणासाठी असणार, असेच आपण मानतो. येथे तसे का मानायचे नाही? (पुणे)

ब्रिटनमध्ये शेती आणि पशुपालन इ.स.पू. ४००० च्या सुमारास युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेल्या लोकांबरोबर पोहोचले. त्यानंतरच्या तीन-चार शतकांत दोन गोष्टी ठळकपणे दिसू लागतात: मृतांसाठी रचलेली लांबट टेकाडे आणि उंचवट्यांवर खंदकांनी वेढलेली मोठी आवारे. एव्हबरीच्या वायव्येस विंडमिल हिल नावाची एक उतरती, फारशी उंच नसलेली टेकडी आहे. तिच्यावर एकात एक असे खंदकांचे तीन वेढे आहेत. मार्मलेडच्या व्यवसायातून आलेल्या कौटुंबिक संपत्तीचा बराचसा भाग पुरातत्त्वासाठी खर्च करणाऱ्या अलेक्झांडर कीलर यांनी १९२५ ते १९२९ या काळात तेथे उत्खनन केले आणि अशा आवारांचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला.

या खंदकांचे वैशिष्ट्य असे की ते अखंड नाहीत. थोडे अंतर खणायचे, मग जमीन तशीच सोडायची, पुन्हा खणायचे, अशा तुकड्यातुकड्यांनी हे वेढे पूर्ण केलेले आहेत. शत्रूला अडवायचे असते, तर प्रत्येक काही पावलांवर आत जाण्याची वाट कोणी ठेवली नसती. खंदकांच्या तळाशी गुरांची हाडे, फुटलेली मृद्भांडी, क्वचित लहान मुलांच्या अस्थी मिळाल्या असून त्या केरकचरा म्हणून इतस्ततः फेकलेल्या नाहीत, काही ठिकाणी तर काळजीपूर्वक ठेवून वर माती लोटलेली दिसते. मृद्भांड्यांपैकी काहींची माती कॉर्नवॉलच्या दक्षिण टोकाची आहे, म्हणजे ती अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरून आली होती. वर्षातील ठरावीक काळी दूरदूरच्या कुळांनी गुरेढोरे घेऊन एकत्र यावे, मेजवान्या व्हाव्यात, देवाणघेवाण व्हावी, सोयरिकी जुळाव्यात आणि प्रत्येक कुळाने आपल्या वाट्याचा खंदक खणावा, असे चित्र यावरून उभे राहते. तुकड्यांमध्ये खणलेल्या खंदकाचे हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटणारे वाटते.

तथापि, संरक्षणाचा हेतू कोठेच नव्हता, असेही म्हणता येणार नाही. ग्लॉस्टरशरमधील क्रिकली हिल येथे अशाच एका आवाराच्या प्रवेशद्वारांभोवती गारगोटीची चारशेहून अधिक बाणाग्रे सापडली आहेत आणि तेथे हल्ला झाला होता, याविषयी शंका उरत नाही. ज्या जागी लोक जमत, तीच जागा वैराचे कारणही ठरू शकत असे.

पुढच्या टप्प्यात खंदकांचे रूप बदलते. स्टोनहेंजच्या उत्तरेस इ.स.पू. ३५०० च्या सुमारास खणलेला, जवळजवळ तीन किलोमीटर लांब आणि शंभर ते दीडशे मीटर रुंद असा एक बंदिस्त पट्टा आहे. दोन समांतर बांध आणि दोन्ही टोके बंद. १७२३ मध्ये पुरातन अवशेषांचे अभ्यासक विल्यम स्टुकली यांना तो प्रथम लक्षात आला, तेव्हा ही रोमन काळातील रथांच्या शर्यतीची जागा असावी, असा त्यांचा समज झाला. आज त्या पट्ट्याला मिरवणुकीचा मार्ग मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. स्टोनहेंजच्या प्रचंड शिळा उभ्या राहिल्या त्या इ.स.पू. २५०० च्या सुमारास, म्हणजे या पट्ट्यानंतर तब्बल एक हजार वर्षांनी. स्टोनहेंजचीही सुरुवात इ.स.पू. ३००० च्या सुमारास एका साध्या वर्तुळाकार खंदकाने आणि बांधाने झाली होती व त्या आवारात दहन केलेल्या मृतांच्या अस्थी पुरल्या जात होत्या.

एव्हबरीचे वर्तुळ तर संरक्षणाच्या तर्काला थेट छेद देते. बांधाचा व्यास चारशे मीटरांहून अधिक असून त्याच्या आत एका खेड्याचा काही भाग वसलेला आहे. तेथील खंदक बांधाच्या आतल्या बाजूस आहे. गढीचा किंवा किल्ल्याचा खंदक नेहमी तटाच्या बाहेर असतो, हे महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगायला नको. बांध बाहेर आणि खंदक आत अशी रचना आतल्या जागेला बाहेरच्या जगापासून वेगळी काढते. आत काय चालले आहे, हे बाहेरच्याला दिसत नाही आणि आत उभ्या असलेल्याला बाहेरचे काही दिसत नाही. (स्टोनहेंजमध्ये मात्र मुख्य बांध खंदकाच्या आत आहे, हा अपवाद नोंदवायला हवा.)

लोखंड नाही, तांबे नाही, चाक नाही. मग एवढे खोदकाम कशाने केले? आणि मातीच्या बांधाचे वय कसे ठरवतात? मातीला तर वय नसते. (सांगली)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच वस्तूत आहे, म्हणून ते सविस्तर देतो. ही वस्तू म्हणजे तांबड्या हरणाचे शिंग.

विल्टशरची जमीन खडूसारख्या पांढऱ्या, मऊ चुनखडीची आहे. तिच्यावर मातीचा थर पातळ असतो आणि खाली फटी असलेला खडक लागतो. तांबड्या हरणाचे नर दर वसंतात शिंगे टाकतात. ती गोळा करून, बुंध्याजवळचे एक टोक ठेवून बाकीची टोके तोडून टाकली की हातात घट्ट बसणारी कुदळ तयार होते. ते टोक खडकाच्या फटीत ठोकायचे आणि दांडा दाबून ढलपा उचकटायचा, अशी ही पद्धत होती. कुदळीप्रमाणे वरून घाव घालण्यापेक्षा पहारीप्रमाणे उचकटण्याचे काम तिने अधिक होत असे. सुटा झालेला चुरा ओढण्यासाठी बैलाच्या खांद्याचे चपटे हाड वापरले जाई आणि तो टोपल्यांतून वर नेला जाई. हॅरोल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी १९०८ ते १९२२ या काळात एव्हबरीच्या खंदकात टप्प्याटप्प्याने उत्खनन केले, तेव्हा मूळ खंदक सुमारे नऊ मीटर खोल असल्याचे आढळले. आज खंदकाची जेवढी खोली आपण पाहतो, जवळजवळ तेवढीच त्याखाली गाळाने भरलेली आहे. तीन मजली घराएवढ्या त्या खोलीच्या तळाशी झिजलेली, मोडलेली शिंगे मिळाली.

कालमापनासाठी ही शिंगे अमूल्य ठरतात. शिंग काही वर्षेच उपयोगी पडते, मोडले की कामगार ते तेथेच टाकून देतो आणि त्यानंतर पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच त्याच्यावर चुरा घसरून ते झाकले जाते. म्हणून खंदकाच्या तळावरील शिंगाचे कार्बन-१४ पद्धतीने (सजीवाच्या अवशेषात उरलेल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून) मिळालेले वय म्हणजे जवळपास खंदक खणल्याचे वय. इतर वस्तूंविषयी असा भरवसा देता येत नाही. स्टोनहेंजच्या खंदकाच्या तळाशी प्रवेशद्वारांजवळ ठेवलेली गुरांची काही हाडे ही खंदक खणणाऱ्या शिंगांपेक्षा बरीच जुनी निघाली. म्हणजे ती हाडे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली होती आणि नव्या आवाराच्या पायाशी आणून ठेवली. शिंगांचे आणि हाडांचे वय वेगवेगळे आले नसते, तर ही गोष्ट आपल्याला कधीच कळली नसती.

चुरा किती लवकर घसरतो, हे अंदाजाने सांगितलेले नाही. एव्हबरीजवळच ओव्हरटन डाउन येथे १९६० मध्ये संशोधकांनी मुद्दाम एक नवा खंदक खणला व बांध घातला. बांधाच्या पोटात चामडे, कापड, लाकूड, हाडे अशा वस्तू ठरलेल्या जागी पुरल्या आणि २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीने वाढणाऱ्या वर्षांनंतर त्याचा एकेक छेद घेऊन पाहायचे, असे ठरवले. या मालिकेतील अखेरचा छेद १२८ वर्षांनी, म्हणजे २०८८ मध्ये घ्यायचा आहे. पहिल्या काही हिवाळ्यांतल्या गोठण्या-वितळण्याने खंदकाच्या कडा भराभर ढासळतात, उतारावर गवत धरते आणि त्यानंतर बदल अतिशय मंद होतो, हे त्यातून सिद्ध झाले. प्रयोग सुरू करणाऱ्यांपैकी कोणालाही त्याचा शेवट पाहता येणार नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी तो इतक्या नेटकेपणाने आखला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

दफनाच्या टेकाडात कोण पुरलेले असत? राजे, पुरोहित की सर्वसामान्य माणसे? (नाशिक)

वेस्ट केनेटचे लांबट टेकाड हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. टेकाडाची लांबी सुमारे शंभर मीटर. पूर्वेकडच्या टोकाला मोठ्या शिळांनी बांधलेला एक बोळ असून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि शेवटी एक अशी पाच दालने आहेत. जॉन थर्नम यांनी १८५९ मध्ये आणि स्टुअर्ट पिगट व रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९५५-५६ मध्ये येथे उत्खनन केले. सुरुवातीच्या काळात तेथे किमान ३६ जणांना ठेवण्यात आले होते, त्यांत पुरुष, स्त्रिया आणि मुले अशी सर्वच होती. दागदागिने किंवा शस्त्रे यांचा थाट नाही. एका वयस्क पुरुषाच्या गळ्याजवळ बाणाग्र सापडले, त्याचा मृत्यू कशाने झाला असावा हे त्यावरून समजते. कवट्या आणि लांब हाडे मात्र अपेक्षेपेक्षा कमी आहेत. म्हणजे मृतदेह कुजल्यानंतर काही अस्थी बाहेर काढून अन्यत्र नेल्या जात असाव्यात. येथे मृताला कायमचे बंद करून टाकलेले नव्हते, त्याच्याकडे जाणे-येणे चालू होते.

फार काळपर्यंत असा समज होता की असे टेकाड शेकडो वर्षे दफनासाठी वापरले जाई. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या कालमापनाने तो समज पार बदलला. टेकाड इ.स.पू. ३६५० च्या सुमारास बांधले गेले आणि मूळ दफने अवघ्या दहा ते तीस वर्षांत पूर्ण झाली, म्हणजे फार तर एका पिढीत. ज्यांनी शिळा ओढून आणल्या, त्यांतलेच बरेच जण आत विसावले असतील. त्यानंतर एक हजार वर्षांहून अधिक काळ लोक तेथे येत राहिले, दालनांत चुनखडीचा चुरा, खापरे, मणी, प्राण्यांची हाडे टाकत राहिले आणि सरतेशेवटी प्रवेशापुढे प्रचंड शिळा उभ्या करून ते बंद केले.

अशा टेकाडात एकत्र ठेवलेले लोक परस्परांचे कोण होते, याचे उत्तर मिळाले ते ग्लॉस्टरशरमधील हेझलटन नॉर्थ या टेकाडातून. नांगरटीने ते नष्ट होत चालल्यामुळे १९७९ ते १९८२ या काळात त्याचे संपूर्ण उत्खनन झाले होते. तेथील अस्थींमधील प्राचीन डीएनएचा अभ्यास २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ३५ व्यक्तींपैकी २७ जण एकाच कुटुंबाच्या सलग पाच पिढ्यांमधले होते. मूळ पुरुष एक आणि त्याला मुले झाली ती चार स्त्रियांपासून. टेकाडात उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक अशी दालनांची दोन संकुले आहेत. त्या चार स्त्रियांपैकी दोघींची संतती बहुतांशी एका बाजूला आणि उरलेल्या दोघींची दुसऱ्या बाजूला ठेवलेली आहे. वंश बापाकडून मोजला जात होता, परंतु कोणाला कोठे ठेवायचे हे ठरवताना आई कोण, हेही लक्षात घेतले जात होते. कुळातील मुली लहानपणी वारल्या तरच येथे आढळतात, मोठ्या झालेल्या लेकी आढळत नाहीत. त्या सासरी गेल्या आणि तिकडच्याच टेकाडात विसावल्या, असा याचा सरळ अर्थ निघतो. याखेरीज ज्यांची आई या कुळात नांदलेली पण जन्मदाता बाप बाहेरचा, असे पुरुषही घरच्यासारखे आत ठेवलेले आहेत. म्हणजे त्यांना कुळाने आपले मानले होते.

तेव्हा राजे नव्हेत आणि सगळा समाजही नव्हे, तर निवडक कुळे, असे उत्तर देता येईल. त्या काळातील बहुसंख्य लोकांच्या अस्थी कोणत्याही टेकाडात मिळत नाहीत.

याच उत्तरात एक गोष्ट जोडतो, कारण प्रश्नकर्त्यांनी टेकाड म्हणजे कबर असे गृहीत धरले आहे. वेस्ट केनेटची दालने शंभर मीटरांपैकी पूर्वेकडची जेमतेम बारा-तेरा मीटर जागा व्यापतात. बाकीचे सगळे टेकाड दफनाच्या दृष्टीने अनावश्यक आहे. एव्हबरीजवळच्या साउथ स्ट्रीट येथील टेकाडात तर एकही दफन नव्हते. तेथे काठ्या रोवून जागेचे दुतर्फा खण पाडले होते आणि प्रत्येक खण वेगवेगळ्या प्रकारच्या भरावाने, कोठे मातीने, कोठे चुनखडीने, भरला होता. हेही वेगवेगळ्या गटांनी आपापला वाटा भरल्याचे लक्षण असावे. त्या भरावाखाली जमिनीवर एकमेकांना छेदणारे नांगराचे ओरखडे जसेच्या तसे राहिले होते. आधी उभे, मग आडवे असे दोन्ही दिशांनी ते शेत कसलेले होते. ब्रिटनमधील नांगरटीच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक आहे. कोणीतरी कसलेल्या शेताची जमीन काढून घेऊन तिच्यावर टेकाड उभारले होते. तेव्हा टेकाडाचा हेतू मृतदेह झाकणे एवढाच नव्हता. पूर्वजांचे स्थान आणि त्या भूमीशी असलेले नाते सर्वांना दिसेल अशा रीतीने मांडणे हा मोठा हेतू होता, असे माझे मत आहे.

स्टोनहेंजच्या आजूबाजूला गोल टेकाडेही दिसतात. तीही याच काळातली का? (ठाणे)

बहुतेक नाहीत. ती कांस्ययुगातली, म्हणजे प्रामुख्याने इ.स.पू. २२०० नंतरची आहेत. त्यांत सामान्यतः एकाच महत्त्वाच्या व्यक्तीचे दफन मध्यभागी असते आणि सोबत मौल्यवान वस्तू असतात. १८०८ मध्ये उत्खनन झालेल्या बुश बॅरो या टेकाडातील सोन्याच्या वस्तू प्रसिद्धच आहेत. इ.स.पू. २४५० च्या सुमारास मुख्य भूमीवरून नवे लोक आले आणि पुढील काही शतकांत ब्रिटनच्या लोकसंख्येच्या आनुवंशिक वारशाचा सुमारे ९० टक्के भाग बदलला, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासातून दिसून आले. लांबट टेकाडे बांधणारे आणि गोल टेकाडे बांधणारे हे म्हणून मुख्यतः वेगळे लोक होत. तरीही नव्या लोकांनी जुन्याच पवित्र भूमीत आपले मृत पुरले.

आमच्याकडे नदीकाठी पांढरीची टेकाडे आहेत. सिल्बरी हिल ही तशीच एखादी पांढर असू शकेल का? (सोलापूर)

नाही, आणि दोहोंमधला फरक समजून घेण्यासारखा आहे. नेवासे, दायमाबाद, इनामगाव येथील टेकाडे कोणी उभारलेली नाहीत. मातीची घरे पडली, त्यांच्यावर नवी बांधली, राख आणि केर साचला आणि शतकानुशतकांच्या वस्तीने जमीन उंच होत गेली. तेथे राहणाऱ्या कोणाचाही टेकाड करण्याचा इरादा नव्हता. सिल्बरी हिल मात्र वस्तीमुळे उंचावलेली नाही. ती पूर्णपणे हेतूपूर्वक रचलेली आहे. उंची तीस मीटरांहून अधिक, पायथ्याचा व्यास सुमारे १६० मीटर, भराव सुमारे अडीच लाख घनमीटर. युरोपातील प्रागैतिहासिक मानवनिर्मित टेकड्यांमध्ये ती सर्वांत मोठी आहे.

तिच्या पोटात सिल नावाचा राजा घोड्यावर बसलेल्या स्थितीत पुरलेला आहे, अशी दंतकथा होती. त्या लोभाने आणि कुतूहलाने लोकांनी तिला वारंवार भोके पाडली. १७७६ मध्ये कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी माथ्यापासून तळापर्यंत उभी विहीर खणली, १८४९ मध्ये बाजूने बोगदा काढण्यात आला आणि १९६८ ते १९७० मध्ये ॲटकिन्सन यांनी बीबीसीच्या मदतीने पुन्हा बोगदा काढला, त्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपणही झाले. राजा सापडला नाही, सोने नाही, एकही दफन नाही. सापडले ते असे: गाभ्यामध्ये नदीच्या गोट्यांचा एक छोटा ढीग, त्यावर गवतासकट कापून रचलेली ढेकळे आणि त्या ढेकळांत साडेचार हजार वर्षांपूर्वीचे गवत, शेवाळ आणि कीटक ओळखता येतील अशा स्थितीत. प्रेक्षकांची निराशा झाली असेल, परंतु त्या दिवशी त्या कुरणात काय उगवले होते, हे सांगणारा याहून चांगला पुरावा मागूनही मिळाला नसता.

जुनी पोकळी नीट न भरल्यामुळे २००० साली माथ्यावर मोठा खड्डा पडला. टेकडी आतून ढासळू नये म्हणून २००७-०८ मध्ये बोगदा पुन्हा उघडून, अभ्यास करून, चुनखडीने घट्ट भरण्यात आला. त्या वेळी लक्षात आले की इ.स.पू. २४०० च्या सुमारास सुरू झालेली ही टेकडी एखाद्या आराखड्यानुसार एकदम बांधलेली नसून लहान-लहान भर घालत, पुनःपुन्हा मोठी करत नेलेली आहे. खंदकही वेळोवेळी बुजवून बाहेरच्या बाजूला नवा खणलेला आहे. मला यातून असे दिसते की टेकडी पूर्ण होणे महत्त्वाचे नव्हते, तर जमून भर घालणे हाच विधी होता. पूर्ण झाली ती लोक थांबले म्हणून.

नागपूरजवळ जुनापाणी येथे शिळावर्तुळे आहेत. स्टोनहेंज बांधणाऱ्यांशी त्यांचा काही संबंध आहे का? (नागपूर)

संबंध नाही. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा या विदर्भातील बृहदश्मयुगीन शिळावर्तुळांचा काळ लोहयुगाचा, म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातला आहे. स्टोनहेंजच्या शिळा त्याच्याही दीड हजार वर्षांहून अधिक आधीच्या. विदर्भातील वर्तुळांच्या आत लोखंडी अवजारे, तांब्याच्या वस्तू, काळी-तांबडी मृद्भांडी मिळतात आणि काही ठिकाणी घोडाही पुरलेला आढळतो. माहुरझरीला तर घोड्याचे तांब्याचे अलंकार मिळाले आहेत. ब्रिटनच्या नवाश्मयुगात धातूही नव्हता आणि पाळीव घोडाही नव्हता.

मात्र हा प्रश्न नवा नाही. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुनापाणीच्या वर्तुळांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा तेथील शिळांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांकडे लक्ष वेधून युरोपातील तशाच खुणांशी त्यांची तुलना केली होती. वर्तुळे बांधणारा एकच वंश युरोपातून भारतापर्यंत पसरला असावा, अशी कल्पना त्या शतकात पुष्कळांना आकर्षक वाटत असे. कालमापन हाती आल्यावर ती टिकली नाही. गोल आखून मृतांची जागा वेगळी काढणे ही कल्पना मनुष्याला अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचलेली आहे.

खरी उद्बोधक तुलना करायची असेल, तर ती मृतांना कोठे ठेवले याची करावी. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी आपली मुले दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरली आणि प्रौढांचे पाय घोट्यापाशी तोडून पुरले. मृत त्यांच्या उंबरठ्याच्या आत राहिले. विंडमिल हिल आणि वेस्ट केनेटच्या लोकांची स्वतःची घरे इतकी हलकी होती की त्यांचा मागमूस फारसा उरलेला नाही. त्यांनी टिकाऊ बांधकाम केले ते मृतांसाठी आणि एकत्र जमण्यासाठी.

नांगरून सपाट झालेली टेकाडे पुन्हा कशी सापडतात? (मुंबई)

आकाशातून. बुजलेल्या खंदकात ओल अधिक काळ टिकते, म्हणून त्याच्यावरचे पीक उंच आणि हिरवे राहते, तर आजूबाजूचे पिवळे पडते. जमिनीवरून ते कळत नाही, पण वरून खंदकाची पूर्ण आकृती उमटते. स्टोनहेंजजवळचे वुडहेंज १९२५ मध्ये असेच एका वैमानिकाच्या नजरेस पडले. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजच्या प्रसिद्ध टेकाडाजवळ दोघा हौशी छायाचित्रकारांना ड्रोनमधून एक प्रचंड, तोवर अज्ञात वर्तुळ दिसले. अवर्षणाचे वर्ष शेतकऱ्याला वाईट असले, तरी पुरातत्त्वाला ते अनेकदा मोठे दान देऊन जाते.

आम्ही नोकरीनिमित्त स्विंडनला राहतो. आई-बाबा भारतातून आले आहेत. एका दिवसात काय दाखवावे? (स्विंडन, इंग्लंड)

स्टोनहेंज त्या दिवसापुरते बाजूला ठेवा आणि एव्हबरीचा परिसर शांतपणे पाहा. सकाळी प्रथम वेस्ट केनेटला जा. रस्त्यालगत गाडी लावून शेतातून साधारण पाऊण-एक किलोमीटर चालत जावे लागते, चढ सौम्य आहे, पण पाऊस झाला असेल तर चिखल असतो, म्हणून आई-बाबांच्या पायांत चांगले बूट असू द्या. प्रवेशशुल्क नाही. सोबत विजेरी न्यावी आणि आत गेल्यावर शिळांच्या मधल्या फटींत छोटे सपाट दगड कसे रचून बसवले आहेत, ते नीट पाहावे. ती कोरडी रचना हाताने केलेली आहे, हे लगेच जाणवते. टेकाडावरून समोर सिल्बरी हिल पूर्ण दिसते. तिच्यावर चढण्यास मनाई आहे आणि ती मनाई पाळावी.

दुपारी एव्हबरी गावात शिरताना शिळांकडे जाण्याआधी बांधावर उभे राहून खंदकात खाली पाहा. दिसते आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट खोली मूळची होती, हे बाबांना तेथे सांगा. गावातल्या कीलर यांच्या नावाच्या संग्रहालयात विंडमिल हिलवरील वस्तू आहेत. वेळ उरला तर नैर्ऋत्येला काही मैलांवर डिव्हायझेस येथे परगण्याचे संग्रहालय आहे. वेस्ट केनेटमधील मृद्भांडी आणि बुश बॅरोचे सोने तेथेच ठेवलेले आहे. जाण्यापूर्वी दोन्ही संग्रहालयांच्या वेळा पाहून घ्याव्यात, हिवाळ्यात त्या बदलतात.